नग खरा हवा

पुण्याजवळच्या भोसरी, चिंचवड, तळवडे, चाकण या पट्ट्यात डिझाइनचं काम करणाऱ्याकडे येणारा ग्राहक साबण किंवा साडी घेऊन येत नाही. तो फ्लँज घेऊन येतो, गिअर, शाफ्ट, कास्टिंग, फिक्श्चर, कन्व्हेयर घेऊन येतो. त्याच्या कॅटलॉगचा वाचक म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या खरेदी विभागातला माणूस किंवा क्वालिटीचा इंजिनिअर. हा वाचक फोटोसुद्धा ड्रॉइंग वाचावं तसा वाचतो. भोकं किती, चॅम्फर कुठे, थ्रेड कुठपर्यंत, पार्टिंग लाइन कुठून गेली आहे, हे त्याच्या नजरेला आधी दिसतं. गेल्या तीन-चार वर्षांत चित्रं तयार करून देणारी एआय साधनं डिझाइनच्या टेबलावर आली आणि फोटो एडिटिंगच्या जुन्या साधनांत मिसळून गेली. या मिसळणीचा आढावा घ्यायला हा पट्टा फार योग्य जागा आहे असं मला वाटतं, कारण इथे चित्र चुकलं तर ती चूक व्हर्नियर लावून दाखवता येते.

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी १९५४ मध्ये स्थापन झाली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आणि त्या दशकात टेल्को आणि बजाज ऑटो इथे आल्यावर त्यांना सुटे भाग पुरवणारे लघुउद्योग भोवती वाढत गेले. २००९-१० च्या सुमारास मर्सिडीज-बेंझ, फोक्सवॅगन आणि महिंद्रा चाकणला आल्यावर तीच साखळी उत्तरेकडे सरकली. यातल्या प्रत्येक कारखान्याला चित्रं लागतात. कॅटलॉग लागतो, कंपनी प्रोफाइल लागतं, बंगळुरूच्या इमटेक्सला किंवा मोशीच्या प्रदर्शनाला स्टॉलचे पॅनेल आणि स्टँडी लागतात, सेफ्टी वीकला पोस्टर लागतात, खंडेनवमीला यंत्रपूजेची पोस्ट लागते. हे काम करणारे बहुतेक जण मोठ्या एजन्सीत नाहीत. दोन-तीन माणसांचे स्टुडिओ, डीटीपी ऑपरेटर, फ्लेक्सवाले, आणि हल्ली मालकाच्या घरातलाच एखादा मुलगा किंवा मुलगी.

साधनांचा इतिहास छोटा आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये डॅल-ई २, जुलैमध्ये मिडजर्नी सगळ्यांसाठी खुलं आणि ऑगस्टमध्ये स्टेबल डिफ्यूजन, अशी तिन्ही साधनं एकाच वर्षात आली. त्या वर्षी आमच्या कामाला त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य होता. वाक्य लिहायचं आणि सुंदर पण कुणाच्याच मालकीचं नसलेलं यंत्र बघायचं, एवढंच. खरा बदल २०२३ मध्ये झाला. फेब्रुवारीत कंट्रोलनेट आलं आणि वस्तूच्या बाह्यरेषा किंवा खोली दिलेल्या चौकटीत ठेवून चित्र काढून घेता येऊ लागलं. मे महिन्यात फोटोशॉपच्या चाचणी आवृत्तीत ‘जनरेटिव्ह फिल’ आलं, म्हणजे जिथे रोजचं काम चालतं त्याच खिडकीत निवडलेल्या भागापुरतं चित्र तयार होऊ लागलं. मग २०२५ मध्ये मार्चला चॅटजीपीटीतलं नवं चित्रसाधन आणि ऑगस्टमध्ये गुगलचं ‘नॅनो बनाना’ या टोपणनावाने गाजलेलं साधन आलं. आता फोटो द्यायचा आणि मराठीत सांगितलं तरी चालतं: मागची भिंत काढ, टेबल राखाडी कर, उजेड डावीकडून घे.

या सगळ्याकडे ‘खरा फोटो’ विरुद्ध ‘खोटं चित्र’ असं बघणाऱ्यांशी मी सहमत नाही. धंद्यासाठीचं चित्र पूर्वीपासून मिसळीचंच होतं. पुणे-लोणावळा लोहमार्गावर तळेगावच्या पुढे मळवली आहे. राजा रविवर्म्याचा १८९४ साली मुंबईत निघालेला छापखाना पुढे तिथे गेला, आणि तिथल्या ओलिओग्राफमधल्या, म्हणजे रंगीत छापील चित्रांमधल्या, देवदेवता नंतर कितीतरी उत्पादनांच्या जाहिरातींवर आणि कॅलेंडरांवर गेल्या. रघुवीर मुळगावकरांनी फवाऱ्याच्या तंत्राने रंगवलेल्या चेहऱ्यांवर छायाचित्रासारखी झळाळी असे. फोटो स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिलने रिटचिंग करणारे कारागीर होते. फोटोशॉप १९९० मध्ये आलं, लेयर १९९४ मध्ये आले, आणि नको असलेली वस्तू पुसून आजूबाजूच्या पोताने जागा भरणारी सोय २०१० मध्ये आली. आयकिया ही फर्निचरची कंपनी २००६ पासून आपल्या छापील कॅटलॉगात संगणकावर रेंडर केलेली चित्रं घालू लागली होती, आणि चाकणच्या मोठ्या कंपन्यांच्या माहितीपत्रकातल्या गाड्याही पुष्कळदा कॅडवरून रेंडर केलेल्या असतात. आणि या पट्ट्यातली सर्वांत मोठी कोलाजची शाळा तर चौकाचौकात उभी आहे. वाढदिवसाच्या एका फ्लेक्सवर पन्नास कार्यकर्त्यांचे चेहरे, प्रत्येकाचा फोटो वेगळ्या मोबाइलमधला, वेगळ्या उजेडातला, तरी पेन टूलने कापून रात्रीत एका रंगात आणणारे ऑपरेटर निगडीपासून चाकणपर्यंत आहेत. फ्लेक्सबाजीवरची नाराजी समजू शकते, पण त्या हातांतलं कसब खरं आहे, आणि नव्या साधनांसाठी तेच कसब लागतं.

मग रेंडर आणि एआय यांत फरक काय? रेंडर हे मोजमापावरून काढलेलं असतं. कॅड फाइलमध्ये गिअरला २३ दाते असतील तर रेंडरमध्ये २३ च येणार. चित्र घडवणारं एआय मोजमापावरून काम करत नाही. ते बहुधा नुसत्या ठिपक्यांच्या गोंधळापासून सुरुवात करून, कोट्यवधी चित्रांतून शिकलेल्या सवयीनुसार तो गोंधळ टप्प्याटप्प्याने कमी करत जातं. गिअर साधारण कसा दिसतो हे त्याला पक्कं माहीत असतं. हा गिअर कोणता, त्याचं मॉड्यूल काय, दाते सरळ की हेलिकल, याची खबर त्याला नसते. म्हणून एआयने काढलेल्या यंत्रभागात बोल्ट असतो पण स्पॅनर बसायला जागा नसते. थ्रेड मध्येच विरतो. आठ भोकांची फ्लँज सात भोकांची होते, आणि ती सात भोकंही इतकी नेटकी असतात की न मोजता कळत नाही.

इथूनच या पट्ट्यासाठी माझा मुख्य मुद्दा निघतो. नग फोटोतला किंवा कॅडमधला असावा. भोवताल हवा तर एआयचा असावा. आणि दोघांमधला सांधा माणसाच्या हाताचा असावा. ऐकायला सोपं आहे. रोजच्या कामात मात्र तीन ठिकाणी ते निसटतं.

पहिलं ठिकाण साधनातच आहे, आणि पुष्कळ चांगल्या डिझायनरांनाही ते ठाऊक नसतं. मास्क काढून, निवडलेल्या भागापुरतं चित्र भरून घेतलं तर मास्कबाहेरचे पिक्सेल जसेच्या तसे राहतात. पण बोलून फोटो बदलणारी नवी साधनं बहुधा पूर्ण चित्र पुन्हा काढतात. तुम्ही सांगितलेलं असतं फक्त ‘मागची भिंत बदल’. भिंत बदलून येते, आणि सोबत कास्टिंगवरचा हीट नंबर किंचित वेगळा होतो, कोरलेल्या लोगोतलं एखादं अक्षर वितळतं, नर्लिंगचा पोत बदलतो. मोबाइलच्या पडद्यावर हे दिसत नाही. यावर उपाय जुनाच आहे: एआयचं चित्र खालच्या लेयरवर ठेवायचं आणि मूळ फोटोतून कापलेला नग पुन्हा त्याच जागी वर बसवायचा. खात्री करायची असेल तर मूळ फोटो वर ठेवून ब्लेंड मोड ‘डिफरन्स’ करावा. जिथे काहीच बदललेलं नाही तिथे काळं दिसतं. नगाच्या अंगावर कुठेही करड्या रेघा उमटल्या तर तिथे यंत्राचा हात लागला आहे हे समजावं. याला एक मिनिट लागतं. माझ्या मते कारखान्याच्या कोणत्याही जॉबमध्ये ही पायरी सक्तीची असायला हवी.

दुसरं ठिकाण फोटो काढतानाचं, आणि कामाचा सर्वांत मोठा भाग इथेच जिंकला किंवा हरला जातो. एआय आलं म्हणून फोटोग्राफीचं महत्त्व कमी झालं असं सगळीकडे ऐकू येतं. या पट्ट्यात उलटं झालं आहे. यंत्रकाम केलेला धातू आरशासारखा वागतो. ग्राइंड केलेल्या शाफ्टच्या अंगावर शॉप फ्लोअरच्या ट्यूबलाइट, क्रेनचा पिवळा गर्डर, फोटो काढणाऱ्याचा शर्टसुद्धा उमटतो. असा शाफ्ट कापून एआयने दिलेल्या पांढऱ्या, स्वच्छ दालनात ठेवला की बघणाऱ्याला काय खटकतं ते सांगता येत नाही, पण खटकतं. शाफ्ट एका खोलीचं प्रतिबिंब दाखवतो आणि मागे खोली दुसरीच असते. म्हणून मागचं दृश्य आधी ठरवावं लागतं. आधी एआयकडून दोन-तीन भोवताल काढून घ्यावेत, ग्राहकाकडून एक पास करून घ्यावा, त्यात उजेड कुठून येतो आणि क्षितिजरेषा किती उंचीवर आहे ते पाहावं, आणि मग त्याच दिशेने उजेड, त्याच उंचीवर कॅमेरा ठेवून नग टिपावा. पूर्वी फोटो आधी आणि बॅकग्राउंड नंतर, असा क्रम होता. तो उलटवणं हाच या साधनांनी दिलेला सर्वांत मोठा फायदा मला वाटतो, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

बाकी तयारी साधी आहे, पण ती केलेली असावी लागते. नगावरचं गंजरोधक तेल पुसावं, बोटांचे ठसे पुसावेत, दोन्ही बाजूंना थर्मोकोलच्या पांढऱ्या शीट उभ्या कराव्यात म्हणजे धातूवर मऊ पांढरा पट्टा येतो. ट्रायपॉड, ग्रे कार्ड, शक्य तर रॉ फाइल. भोसरी आणि चाकणच्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. मशीन बंद, धूळ खाली बसलेली, फोर्कलिफ्टची वर्दळ नाही. शूट गुरुवारी ठेवलं तर निम्मं रिटचिंग वाचतं. मालकांना मात्र आपला एक माणूस सुट्टीच्या दिवशी बोलवावा लागतो आणि ते बऱ्याचदा टाळतात. मग कामाच्या दिवशी मोबाइलवर काढलेले, वरून ट्यूबचा हिरवट उजेड पडलेले फोटो व्हॉट्सअॅपवरून, म्हणजे आणखी दाबले जाऊन, येतात आणि ‘एआयने नीट करा’ असा निरोप येतो. एआय ते नीट करत नाही. जिथे तपशील नाही तिथे ते अंदाजाने तपशील भरतं, आणि आपण पुन्हा सात भोकांपाशी येतो. धूसर फोटो तीक्ष्ण करणाऱ्या अपस्केलिंगच्या साधनांनाही हेच लागू आहे. माणसाच्या केसांना ती चालतात, थ्रेडच्या पिचला चालत नाहीत.

तिसरं ठिकाण सांध्याचं. नग टेबलाला टेकतो तिथे बारीक, गडद सावली पडते; ती नसली की चार किलोचं कास्टिंग हवेत तरंगतं. एआय सावली देतं, पण ती नगाच्या खऱ्या तळाला धरून असेलच असं नाही. ही सावली मी हातानेच काढते. आपोआप बॅकग्राउंड कापणारी साधनं चॅम्फरवरची चकाकी पांढऱ्या भिंतीचा भाग समजून खाऊन टाकतात, म्हणून कडांना पेन टूलच हवं. एआयचं चित्र गुळगुळीत असतं आणि कॅमेऱ्याच्या फोटोत रवा असतो. दोन्हीवर एकच हलका ग्रेन दिल्याशिवाय ते एका कॅमेऱ्यातले वाटत नाहीत. आणि छपाई. फोटोशॉपचं जनरेटिव्ह फिल सुरुवातीला एका वेळी जास्तीत जास्त १०२४ पिक्सेलचा तुकडा देत असे. ३०० डीपीआयला १०२४ पिक्सेल म्हणजे जेमतेम ८.७ सेंटिमीटर. ए-४ च्या पूर्ण पानाला २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. आताची साधनं याहून मोठी चित्रं देतात, तरी पानभर फोटोत नग रेखीव आणि मागची भिंत लोण्यासारखी दिसते ती यामुळेच. त्यात एआयला आवडणारे ते निळे-जांभळे चमकते उजेड आरजीबीत असतात. सीएमवायकेमध्ये गेले की मळकट होतात. ‘इंडस्ट्री ४.०’ म्हणून पडद्यावर पास झालेलं पान प्रेसमधून करडं येतं आणि दोष छापणाऱ्याला मिळतो.

एआय नि:संशय चांगलं कुठे आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. आडवा फोटो स्टॉलच्या लांब पॅनेलला पुरत नाही तेव्हा दोन्ही बाजूंची भिंत आणि फरशी वाढवून देण्यात ते अप्रतिम आहे. पूर्वी याला अर्धा दिवस जात असे. मशीनमागचे कॉटन वेस्टचे बोळे, चहाचे ग्लास, भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढण्यातही ते चांगलं आहे. शूटच्या आधी ग्राहकाला कल्पना दाखवण्यात तर सर्वांत जास्त. मोशीच्या किसान प्रदर्शनासाठी अवजारं बनवणाऱ्याला रोटाव्हेटर काळ्या मातीत हवा की स्टुडिओत हवा, हे तोंडी सांगून कळत नाही. चार कच्ची चित्रं समोर ठेवली की पाच मिनिटांत निर्णय होतो आणि शूटचा खर्च वाया जात नाही.

पण काढण्याला आणि घालण्याला सीमा आहे. चहाचा ग्लास काढणं ही आवराआवर आहे. प्रेसवर नसलेला गार्ड चित्रात घालणं, फरशीवर नसलेले पिवळे पट्टे ओढणं, चार सीएनसीच्या शॉपमध्ये दहा सीएनसी दाखवणं हे खोटं विधान आहे. ‘आमची यंत्रसामग्री’ या पानावर एआयने काढलेलं दालन टाकणारे कॅटलॉग आता दिसू लागले आहेत. वाहन उद्योगात पुरवठादाराचं ऑडिट होतं. ऑडिटर प्रत्यक्ष शॉप फ्लोअरवर येऊन उभा राहतो. त्या दिवशी कॅटलॉगमधलं पान मालकाच्या बाजूने साक्ष देत नाही. डिझायनरने ‘ग्राहकाने सांगितलं म्हणून’ एवढ्यावर हात झटकू नयेत असं माझं ठाम मत आहे. आपण काय घालतो आहोत हे आपल्याला दिसत असतं.

सेफ्टी पोस्टरचा विषय याहून गंभीर आहे. ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाच्या आसपास प्रत्येक कंपनीला पोस्टरं हवी असतात आणि ती घाईत लागतात. एआयला ‘लेथवर काम करणारा सुरक्षित कामगार’ काढायला सांगितलं तर हेल्मेट, गॉगल आणि हातमोजे घातलेला हसरा माणूस फिरत्या चकजवळ हात नेताना मिळू शकतो. हातमोजे म्हणजे सुरक्षा हे सामान्य समीकरण एआय पाळतं. पण फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजा अडकून हात आत खेचला जातो, म्हणून लेथ आणि ड्रिलवर तो घालू नये असं प्रशिक्षणात शिकवतात. सैल बाही, गळ्यातला मफलर यांचंही तेच. असं पोस्टर भिंतीवर लागणं म्हणजे चुकीचं शिक्षण भिंतीवर लागणं. या कामात एआयचा माणूस वापरूच नये. त्याच कारखान्यातल्या कामगाराला, त्याच्या संमतीने, योग्य स्थितीत उभं करून फोटो घ्यावा आणि सेफ्टी ऑफिसरला प्रूफ दाखवूनच छापावं.

गोपनीयतेचा प्रश्न इथल्या डिझायनरांना मोठ्या शहरांतल्या डिझायनरांपेक्षा जवळून भिडतो. सुटा भाग पुष्कळदा पुरवठादाराचा नसतोच. ड्रॉइंग मोठ्या कंपनीचं असतं आणि गुप्ततेचा करार झालेला असतो. बाजारात न आलेल्या गाडीच्या ब्रॅकेटचा फोटो ऑनलाइन साधनात टाकणं म्हणजे तो कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर पाठवणं. जर्मन वाहन उद्योगाने २०१७ पासून टीसॅक्स नावाची माहिती सुरक्षेची तपासणी सुरू केली आहे आणि त्यात प्रोटोटाइपच्या संरक्षणाचा वेगळा भाग आहे. चाकणमधून या कंपन्यांना माल देणाऱ्याला ती विचारली जाऊ शकते, आणि त्याच्या डिझायनरकडे फाइल कशी हाताळली जाते हा प्रश्न त्यातूनच येतो. म्हणून अशा कामात नग साधनात चढवूच नये. रिकामं टेबल, रिकामी भिंत एवढंच एआयकडून घ्यावं आणि नग आपल्या संगणकावर बसवावा. ज्यांच्याकडे चांगलं ग्राफिक्स कार्ड आहे ते स्टेबल डिफ्यूजन किंवा २०२४ मध्ये आलेलं फ्लक्स स्वतःच्याच मशीनवर, नेट बंद ठेवून चालवू शकतात. शिकायला वेळ लागतो, पण या पट्ट्यात काम करणाऱ्याने तो वेळ द्यावा.

यंत्रभागांपलीकडचं कामही इथे भरपूर आहे. आषाढी वारीसाठी तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्कामी येते आणि प्रत्येक कंपनीला शुभेच्छांची पोस्ट हवी असते. एआयच्या वारीत वीणा सतारीसारखी धरलेली असते, टाळाच्या जागी झांजा येतात, कपाळावर भलतंच गंध असतं, आणि विठ्ठलाचा कमरेवरचा एक हात उचलून आशीर्वाद देऊ लागतो. वारकऱ्याच्या घरात वाढलेल्या कामगाराला हे दुखतं. शिवजयंतीच्या चित्रांचं तर अधिकच जपायला हवं. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये शिवाजी महाराजांचं अस्सल चित्र पुढे आणेपर्यंत भलत्याच माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जात होतं. चुकीचं चित्र एकदा रुजलं की ते उपटायला संशोधकाचं आयुष्य जातं, आणि आता तर दर फेब्रुवारीत नवे जिरेटोप, नव्या तलवारी तयार होत आहेत. या दोन विषयांत मी खरं छायाचित्र किंवा ओळखीच्या चित्रकाराचं रेखाटन यापलीकडे जात नाही.

देवनागरी अक्षरांबद्दल थोडक्यात. सुरुवातीच्या साधनांना जोडाक्षरं येतच नव्हती; २०२५ नंतरची साधनं छोटा मथळा बऱ्याचदा बरोबर लिहितात, पण ‘र्‍या’, ‘क्ष्म’, ऱ्हस्व-दीर्घ यांवर भरवसा ठेवता येत नाही. अक्षर वेगळ्या लेयरवर, खऱ्या फाँटमध्ये टाइप करावं. मुक्त, बलू यांसारखे उत्तम युनिकोड फाँट फुकट मिळतात. मराठी मथळा चित्रात भाजून घेण्याचं काहीच कारण नाही.

मोशी, चिखली, पुनावळे, रावेतच्या गृहप्रकल्पांची माहितीपत्रकं हा वेगळा मोठा धंदा आहे आणि तिथे एआयने तळी, टेकड्या आणि मोकळे रस्ते उदंड दिले आहेत. स्थावर संपदा कायदा २०१६ चं कलम १२ सांगतं की जाहिरातीतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाचं नुकसान झालं तर भरपाई प्रवर्तकाला द्यावी लागते, आणि ग्राहक व्याजासह पैसे परतही मागू शकतो. महारेराने ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला, म्हणजे खरेदीदार तिथल्या तिथे मंजूर आराखडा उघडून चित्राशी ताडून पाहू शकतो. कलमात डिझायनरचं नाव नाही, पण ईमेलवर ‘समोर झाडं वाढवा’ असं लिहून आलेलं आणि आपण वाढवलेलं दोन्ही आपल्याकडे राहतं.

चित्राची मालकी कुणाची, हा प्रश्न निर्यात करणारे ग्राहक आता विचारू लागले आहेत. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, १९९४ च्या दुरुस्तीने, संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण होण्यास कारणीभूत झालेली व्यक्ती, असं म्हटलं आहे. आजच्या एआयला ते नेमकं कसं लागू करायचं याचा निकाल लागायचा आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२३ मध्ये एका चित्रकथेतल्या मिडजर्नीच्या चित्रांना संरक्षण नाकारलं, मजकूर आणि मांडणीला दिलं. जानेवारी २०२५ च्या अहवालात केवळ सूचना लिहिणं पुरेसं नाही असं त्यांनी स्पष्ट केलं. आणि त्याच महिन्यात ‘अ सिंगल पीस ऑफ अमेरिकन चीज’ या चित्राची नोंदणी त्यांनी केली. त्यातला प्रत्येक तुकडा एआयचाच होता, पण माणसाने मास्क काढून, तुकडा तुकडा निवडून, पुन्हा पुन्हा भरून ते जुळवलं होतं, आणि ती निवड व मांडणी संरक्षणाला पात्र ठरली. आमच्या कामासाठी हा निर्णय महत्त्वाचा आहे. सांधा जोडणाऱ्या हाताला तिथे कर्तेपण मिळालं. म्हणून लेयर असलेली फाइल जपून ठेवावी. काय फोटोतलं, काय एआयचं, काय हाताने काढलेलं हे तिच्यावरून दाखवता येतं.

माणसांच्या चेहऱ्यांचा कायदा झपाट्याने घडतो आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांना एआयने केलेल्या आवाज-प्रतिमेच्या वापराविरुद्ध अंतरिम संरक्षण दिलं. केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान नियमांतली दुरुस्ती फेब्रुवारी २०२६ मध्ये आली. आधीच्या मसुद्यात चित्राच्या किमान १० टक्के जागेवर लेबलची अट होती, ती अंतिम नियमांत राहिली नाही. ठळक ओळख पटेल असं लेबल मात्र राहिलं, आणि अर्थ न बदलणाऱ्या नेहमीच्या संपादनाला सूट मिळाली. हे नियम मुख्यतः समाजमाध्यमांच्या मंचांवर बंधनकारक आहेत. पण कॅटलॉगच्या शेवटच्या पानावर ‘उत्पादनांची छायाचित्रं प्रत्यक्ष नगांची, काही पार्श्वभूमी एआयने तयार केलेली’ अशी एक ओळ टाकायला कुणाची सक्ती कशाला हवी? मी ती सुचवते तेव्हा मालक आधी बिचकतात. नंतर त्यांच्या लक्षात येतं की ओळीचा पहिला अर्धा भाग हीच त्यांची जाहिरात आहे.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि तो कटू झाला आहे. ‘एआयने दोन मिनिटांत होतं, मग एवढे कशाचे?’ हे वाक्य या पट्ट्यातल्या प्रत्येक स्टुडिओने ऐकलं आहे. भोवताल दोन मिनिटांत होतो हे खरं आहे आणि त्याचे पैसे कमी व्हायलाच हवेत; तिथे जुने दर धरून बसणं ग्राहकाशी प्रामाणिक नाही. पण शूट, कापणं, सांधा, तपासणी आणि छपाईची तयारी यांचा वेळ कमी झालेला नाही. तपासणीचा तर वाढला आहे. सगळ्याचा मिळून एकच आकडा कोटेशनमध्ये लिहिला की ग्राहक त्या आकड्याला दोन मिनिटांनी भागतो. कामं वेगळी लिहिली की त्याला ती दिसतात. जो माणूस जॉबवर्कचे दर ऑपरेशननुसार, टर्निंगचे वेगळे आणि ग्राइंडिंगचे वेगळे लावतो, त्याला ही भाषा शिकवावी लागत नाही.

मी कोटेशनमध्ये ‘नग-तपासणी’ ही ओळ स्वतंत्र लिहिते. छापायच्या आधी अंतिम प्रूफ आणि ड्रॉइंग शेजारी ठेवून ग्राहकाच्या क्वालिटी विभागातल्या माणसाने प्रत्येक फोटो पाहायचा, भोकं मोजायची, मार्किंग वाचायचं आणि प्रूफवर सही करायची, एवढाच तिचा अर्थ. सुरुवातीला मालकांना हे जास्तीचं वाटतं. क्वालिटीच्या लोकांना वाटत नाही. पहिला नग पास केल्याशिवाय लॉट न सोडण्याची त्यांना सवय असते, आणि कॅटलॉगवर आपलं मत कुणीतरी विचारलं याचा त्यांना आनंद होतो. बहुतेक वेळा ते एखादी तरी गोष्ट शोधून काढतात, आणि ती नेहमी एआयचीच असते असंही नाही. कधी फोटोच जुन्या रिव्हिजनच्या नगाचा असतो.